‘बेफाम हाकणे’ : रहदारीतील एका जुन्या तक्रारीचा इतिहास

१

रस्त्यावर वाहन चालविणाऱ्या मनुष्याची एक समजूत बहुतेक सर्व काळी सारखीच आढळते. स्वतःचे हाकणे बरोबर असते. चुकतो तो समोरून येणारा, मागून रेटणारा अथवा बाजूने मध्ये घुसणारा. या समजुतीतून जो संताप उत्पन्न होतो तो मोटारीबरोबर जन्मास आला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्यूलियस सीझरच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या, ख्रि. पू. ४५ च्या सुमाराच्या नियमांत रोम शहरामध्ये सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत मालवाहू गाड्या आणण्यास बंदी घातलेली आढळते. देवालयांच्या बांधकामाचे साहित्य वाहणाऱ्या गाड्यांसारखे काही अपवाद तेवढे वगळले होते. परिणाम असा झाला की, गाड्या रात्री येऊ लागल्या. आणि पुढे सुमारे दीडशे वर्षांनी उपरोधकार जुव्हेनल याने आपल्या तिसऱ्या उपरोधिकेत अरुंद वळणांवर अडकलेल्या गाड्या व तेथील शिवीगाळ यांमुळे रोममध्ये झोप मिळणे दुरापास्त झाल्याचे गाऱ्हाणे मांडले. दिवसाची तक्रार मिटली नाही. ती रात्रीवर ढकलली गेली.

रस्त्यांचा इतिहास बहुधा बांधणीचा आणि वाहनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रस्त्यावरील भांडणाचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित आहे. परंतु रहदारीचा कायदा मुख्यतः या भांडणातूनच घडला. दुसऱ्याच्या हाकण्याविषयीचा राग ही भावना आहे. न्यायालयास भावनेवर शिक्षा देता येत नाही. तेव्हा या रागाचे कायद्याच्या भाषेत रूपांतर कसे झाले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात तो इंग्लंडच्या संदर्भात, मुख्यतः १७२२ ते १९३५ या कालखंडापुरता तपासला आहे. भारतातील रहदारीच्या कायद्याचे मूळ त्याच परंपरेत असल्यामुळे शेवटी त्याचाही विचार केला आहे.

२

सतराव्या शतकात लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा प्रथम जी ओरड झाली ती हाकणाऱ्याविरुद्ध नसून गाडीविरुद्धच होती. १६२३ मध्ये जॉन टेलर याने गाड्यांच्या सुळसुळाटावर एक उपहासात्मक पुस्तिका प्रसिद्ध केली. टेलर हा टेम्स नदीवरील नावाडी होता. गाड्यांमुळे नावाड्यांचे उतारू कमी झाले होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या संतापाचा अर्थ नीट लागत नाही. १६३५ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने जाहीरनामा काढून भाड्याच्या गाड्यांवर निर्बंध घातले. १६६२ मध्ये पार्लमेंटने कायदा करून त्यांची संख्या चारशेवर मर्यादित केली. या सर्व उपायांमागील कल्पना एकच होती : गाड्या थोड्या झाल्या म्हणजे त्रास थोडा होईल. शहर वाढत होते, गरज वाढत होती, आणि संख्येचा बांध टिकणे शक्य नव्हते. १६९४ मध्ये ही मर्यादा सातशेपर्यंत वाढवावी लागली.

निराळ्या प्रकारचा उपाय दिसतो तो १७२२ मध्ये. त्या वेळी लंडन शहरातून टेम्स ओलांडण्यास लंडन ब्रिज हा एकच पूल होता. वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होण्यास १७५० साल उजाडावयाचे होते. लंडन ब्रिजवर दोन्ही बाजूंस घरे व दुकाने उभी असल्यामुळे मधली वाट अरुंद राहिली होती, आणि समोरासमोर आलेल्या गाड्यांपैकी मागे कोणी हटावयाचे यावरून वाट तुंबून राही. अशा प्रसंगी प्रत्येक गाडीवानास दुसरा आडमुठा वाटणे स्वाभाविक होते. शहराच्या कारभाऱ्यांनी काढलेल्या हुकमात मात्र आडमुठेपणाचा उल्लेख नाही. सदर्ककडून शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाच्या पश्चिमेच्या बाजूने यावे, शहरातून बाहेर जाणाऱ्यांनी पूर्वेच्या बाजूने जावे, म्हणजेच प्रत्येकाने आपली डावी बाजू धरावी, एवढेच त्यात सांगितले होते. आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्यास तीन माणसे नेमली होती.

या साध्या हुकमाचे महत्त्व मोठे आहे. गाडीवान सज्जन की उद्धट, घाईत की आळशी, याची चौकशी करण्याचे कारणच त्याने नाहीसे केले. पुलाची कोणती बाजू धरली आहे हे कोणाच्याही डोळ्यांना दिसते, आणि त्यावरून वाद झाला तरी तो लवकर मिटतो. तक्रारीचा विषय मनुष्याच्या स्वभावावरून उचलून त्याच्या कृतीवर आणण्याचा लंडनच्या रहदारीतील हा एक आरंभीचा आणि यशस्वी प्रयोग होय. पुढे १७५६ च्या कायद्याने या पुलावर डावी बाजू धरणे पार्लमेंटच्या आज्ञेने बंधनकारक झाले.

३

१८३५ च्या हायवे ॲक्टने डावी बाजू धरण्याचा नियम इंग्लंड व वेल्समधील सर्व रस्त्यांस लागू केला. या कायद्याचे अठ्ठ्याहत्तरावे कलम अभ्यासनीय आहे. समोरून वाहन आल्यास डावीकडे न होणे, मुद्दाम दुसऱ्याची वाट अडविणे, गाडी सोडून दूर जाणे असे कितीतरी अपराध त्यात एकामागून एक मोजले आहेत. ते बहुतेक सर्व डोळ्यांना दिसणारे आहेत. परंतु त्यांच्याच ओळीत आणखी एक अपराध घातला आहे : कोणाच्या जिवास अगर अंगास धोका होईल अशा रीतीने बेफामपणे घोडा फेकणे अगर गाडी हाकणे. हाकणारा गाडीचा मालक नसेल तर पाच पौंडांपर्यंत, आणि मालक असेल तर दहा पौंडांपर्यंत दंड ठरविला होता.

येथे ‘बेफाम’ असा ज्याचा अनुवाद केला आहे तो मूळ शब्द ‘फ्यूरिअस’ असा आहे. लॅटिनमधील ‘फुरिआ’, म्हणजे क्रोधाचा उन्माद, हे त्याचे मूळ. म्हणजे एकाच कलमात दोन भिन्न जातींचे नियम शेजारी शेजारी बसले. एक विचारतो, गाडी कोणत्या बाजूस होती? दुसरा विचारतो, हाकणाऱ्याच्या मनाची अवस्था कशी होती? पहिल्याचे उत्तर रस्त्यावर सापडते. दुसऱ्याचे उत्तर साक्षीदाराच्या समजुतीवर अवलंबून राहते. त्या काळी गाडीवर वेग दाखविणारे यंत्र नव्हते. घोडा किती जोराने चालला होता हे पाहणाराच आपल्या अंदाजाने सांगणार. आणि पाहणारा बहुधा तोच असे, ज्यास बाजूला उडी मारावी लागली होती. त्याच्या जबानीत हाकणाऱ्याचा उन्माद किती आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा राग किती, हे वेगळे काढणे सोपे नव्हते.

याच सुमाराच्या लंडनमधील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. जुलै १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीअर याने पॅडिंग्टनपासून बँकेपर्यंत ऑम्निबसची फेरी सुरू केली. थोड्याच वर्षांत प्रतिस्पर्धी मालकांच्या ऑम्निबस त्याच रस्त्यांवर धावू लागल्या आणि त्यांच्या शर्यतींविषयी नागरिकांची कटकट सुरू झाली. हाकणारे उर्मट आहेत, त्यांना जनाची लाज नाही, असा तिचा सूर असे. परंतु वाटेवर उभा असलेला उतारू जी गाडी आधी पोहोचेल तिला मिळावयाचा. उशिरा पोहोचणाऱ्या गाडीची मिळकत तेवढी बुडावयाची. तेव्हा पाहणाऱ्यास जो स्वभावदोष वाटे त्याच्या पाठीशी धंद्याची रचना उभी होती. हाकणारा बदलला असता तरी शर्यत थांबली नसती. तक्रार करणाऱ्याचे दुःख खोटे नव्हते. त्याचे निदान अपुरे होते.

१८६१ च्या शारीरिक अपराधांविषयीच्या कायद्याने, बेछूट अथवा बेफाम हाकण्यामुळे कोणास इजा झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविली. घोडागाड्यांसाठी लिहिलेले हे कलम दीर्घायुषी ठरले. २०१७ मध्ये लंडनमधील एका पादचारी स्त्रीच्या मृत्यूबद्दल सायकलस्वारास त्याच कलमाखाली दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा देण्यात आली. सायकलीच्या अशा अपघातास लागू पडेल असे दुसरे नेमके कलम त्या वेळी उपलब्ध नव्हते.

४

डोळ्यांना दिसणाऱ्या नियमाचा दुसरा मोठा प्रयोग डिसेंबर १८६८ मध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ झाला. जे. पी. नाइट या रेल्वेच्या सिग्नल-तज्ज्ञाच्या योजनेप्रमाणे तेथे एक उंच खांब उभारण्यात आला. त्याचे हात दिवसा आडवे झाले म्हणजे थांबावे आणि खाली तिरपे झाले म्हणजे जपून जावे, असा संकेत होता. रात्री त्यासाठी गॅसचे तांबडे व हिरवे दिवे असत. रेल्वेमध्ये दोन चालकांनी परस्परांच्या सौजन्यावर विसंबावे अशी व्यवस्था नव्हती. दोघेही तिसऱ्याच एका खुणेकडे पाहत. तीच रीत रस्त्यावर आणण्याचा हा यत्न होता. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट होऊन खांबावर काम करणारा पोलीस शिपाई जखमी झाला आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही. लंडनमध्ये पिकॅडिली येथे विजेचे सिग्नल-दिवे येण्यास १९२६ साल, तर वुल्व्हरहॅम्प्टन येथे आपोआप बदलणारे दिवे लागण्यास १९२७ साल उजाडले. मधल्या काळात पोलिसाचा उंचावलेला हात हीच खूण राहिली.

५

यांत्रिक वाहनांच्या बाबतीत कायद्याने आरंभापासून अंकाचा आश्रय केला. १८६५ च्या कायद्याने वाफेच्या गाड्यांस गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल वेग ठरवून दिला आणि साठ यार्ड पुढे तांबडे निशाण घेतलेला मनुष्य चालविण्याची सक्ती केली. १८७८ मध्ये निशाणाची सर्वसाधारण सक्ती गेली. वेगाची मर्यादा राहिली. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील ईस्ट पेकहॅम येथे दोन मैलांच्या जागी आठ मैल वेगाने मोटार नेल्याबद्दल एका चालकास दंड झाला; पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यास पकडले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये नवा कायदा अमलात येऊन मर्यादा ताशी चौदा मैलांपर्यंत वाढली, आणि १९०३ च्या मोटार कार ॲक्टने ती वीस मैलांवर नेली. या १९०३ च्या कायद्यानेच वाहनांस क्रमांक आणि चालकांस परवाना सक्तीचा केला. परवान्यासाठी परीक्षा मात्र नव्हती.

या काळात तक्रारीची सामाजिक दिशा बदललेली दिसते. पूर्वी बग्गीत बसणारा श्रीमंत मनुष्य मालगाडीच्या आणि ऑम्निबसच्या हाकणाऱ्यास दोष देत असे. आता मोटारीत बसणारा श्रीमंत होता, आणि धूळ, आवाज व भीती यांनी त्रस्त झालेला खेड्यातील पायी चालणारा मनुष्य तक्रारदार बनला. त्याच्या बाजूने पोलीस उभे राहिले. रस्त्याचे ठराविक अंतर मोजून, त्याच्या दोन्ही टोकांस शिपाई लपवून, मोटारीस लागलेला वेळ घड्याळावर मोजण्याची पद्धत रूढ झाली. अशा रीतीने वेग हा अंदाजाचा विषय न राहता मोजमापाचा विषय झाला. परंतु म्हणून वाद संपला नाही. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनने सायकलस्वार नेमून आपल्या सभासदांस या सापळ्यांची पूर्वसूचना देण्यास आरंभ केला. बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या, १९१० च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या खटल्यात, मर्यादा ओलांडून येणाऱ्या मोटारवाल्यास असा इशारा देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय झाला. तेव्हा संस्थेने उलटी रीत काढली : सायकलस्वार सभासदास एरवी सलाम करीत असे, त्याने सलाम केला नाही म्हणजे सभासदाने काय ते ओळखावे.

अंकाने एका पक्षाची तक्रार बोलकी केली. दुसऱ्या पक्षास तोच अंक अन्याय वाटू लागला. मोकळ्या रस्त्यावर पंचवीस मैलांनी धोका नाही आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत दहा मैलांनीही आहे, हा मोटारवाल्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. १९०६ मध्ये या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनने सर्वसाधारण वेगमर्यादा काढून टाकण्याचीच शिफारस केली.

त्या काळच्या लोकभावनेचे प्रतिबिंब केनेथ ग्रॅहॅम यांच्या १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकात सापडते. त्यातील मोटारवेड्या बेडूकरावास मोटार चोरल्याबद्दल एक वर्ष, बेफाम हाकल्याबद्दल तीन वर्षे आणि पोलिसांशी उद्धटपणे बोलल्याबद्दल पंधरा वर्षे अशी शिक्षा होते, आणि एकोणीस वर्षांची बेरीज सोयीसाठी वीस केली जाते. हा विनोद आहे; पण त्यातील प्रमाण विचार करण्यासारखे आहे. रस्त्यावरील माणसास धोक्यापेक्षा उद्धटपणाचा संताप अधिक येतो, हे निरीक्षण त्यात दडलेले आहे.

६

१९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने मोटारींवरील सर्वसाधारण वेगमर्यादा काढून टाकली. तिच्या जागी धोकादायक चालविणे आणि निष्काळजीपणे चालविणे हे अपराध ठेवले. दुसऱ्या अपराधाच्या व्याख्येत एक नवीन शब्दयोजना आली : रस्ता वापरणाऱ्या इतर व्यक्तींची वाजवी कदर न ठेवता वाहन चालविणे, हाही अपराध ठरला. ज्या तक्रारीस शतकानुशतके फक्त शिवी हाच उद्गार होता, तिला कायद्याने सरळ नाव दिले. १९३१ मध्ये एक पेनी किमतीची ‘हायवे कोड’ ही पुस्तिका प्रसिद्ध करून रस्त्यावरील शिष्टाचार लोकांस शिकविण्याचा उपक्रमही हाती घेण्यात आला. समंजस मनुष्यास अंकाची गरज नाही, त्यास दुसऱ्याची कदर शिकवावी, असा या धोरणाचा पाया होता.

१९३४ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्यू पावली. त्यांत सुमारे निम्मे पादचारी होते. या आकड्यापुढे शिष्टाचाराचा भरवसा टिकला नाही. १९३४ च्या कायद्यान्वये, मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा आली, आणि जून १९३५ पासून नव्या चालकांस परीक्षा सक्तीची झाली. लेस्ली होर-बेलीशा या वाहतूक मंत्र्यांच्या कारकिर्दीत पादचाऱ्यांच्या वाटा नारिंगी गोळ्यांच्या खांबांनी दाखविल्या जाऊ लागल्या, आणि वस्तीमध्ये रात्री साडेअकरापासून सकाळी सातपर्यंत भोंगा वाजविण्यास मनाई झाली. १९३५ मध्ये मृतांची संख्या साडेसहा हजारांच्या आसपास उतरली. बाजू, वेग, वेळ, ओलांडण्याची जागा या सर्व दिसणाऱ्या गोष्टी पुन्हा कायद्याच्या केंद्रस्थानी आल्या. परंतु १९३० चे ‘कदर न ठेवता’ हे शब्द रद्द झाले नाहीत. दोन्ही तत्त्वे एकत्र राहिली.

७

भारतात हा प्रश्न प्रथम दंडसंहितेच्या मार्गाने आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २७९ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर मनुष्याच्या जिवास धोका होईल अशा रीतीने अविचाराने किंवा हयगयीने वाहन हाकणे हा अपराध ठरविला, आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. ‘हयगयीने व अविचाराने’ ही जोडी महाराष्ट्रातील पोलिसांच्या फिर्यादींत आणि वृत्तपत्रांच्या बातम्यांत इतकी रुळली की, ‘भरधाव वेगाने’ या शब्दांसह ती अपघाताच्या वर्णनाचा ठराविक साचाच बनली. हे शब्दही ‘फ्यूरिअस’प्रमाणे कृतीइतकेच मनाच्या अवस्थेचे वर्णन करणारे आहेत. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा त्याच आशयाचे कलम २८१ या क्रमांकाने तिच्यात आले. शिक्षेची मर्यादाही तीच राहिली. १८६० मधील एक हजार रुपये आणि २०२४ मधील एक हजार रुपये यांतील अंतर सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा प्रवाह मोटार वाहनांच्या कायद्यांचा. १९१४ च्या कायद्याने नोंदणी व परवाना यांची चौकट घातली. १९३९ च्या कायद्याने ती विस्तृत केली. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. या शेवटच्या कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक चालविण्यास शिक्षा होती. परंतु धोकादायक म्हणजे काय हे परिस्थितीवर सोडले होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचे स्पष्टीकरण जोडले. तांबडा दिवा ओलांडणे, थांबण्याची खूण न पाळणे, चालविताना हातातील दूरध्वनी वापरणे, नियमाविरुद्ध दुसऱ्यास मागे टाकणे, रहदारीच्या विरुद्ध दिशेने जाणे, अशा पाच उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या कृती त्यात मोजल्या आहेत. आणि त्यांच्या अखेरीस सहावी गोष्ट अशी की, कुशल व सावध चालकाकडून जी अपेक्षा करावयाची तिच्यापेक्षा फार खालच्या दर्जाचे चालविणे. १८३५ च्या कलमातील रचना येथे पुन्हा भेटते : दिसणाऱ्या अपराधांची यादी, आणि तिच्याबरोबर यादीत न मावणारा एक अपराध.

भोंग्याविषयीच्या रागाचेही असेच रूपांतर मुंबईत झालेले दिसते. २०१९ च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी काही चौकांत आवाज मोजणारे यंत्र सिग्नलशी जोडून पाहिले आणि जानेवारी २०२० मध्ये तो प्रयोग जाहीर केला. आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. कोणी वाजविले याची चौकशी नव्हती, कोणास उपदेश नव्हता. अधीरतेची किंमत सर्वांस मिळून थांबण्याच्या वेळात मोजावी लागे. ज्याने भोंगा वाजविलाच नाही तोही तिच्यात भरडला जाई, ही या उपायाची मर्यादा होय.

८

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दुसऱ्याच्या हाकण्याविषयीची तक्रार जोपर्यंत त्याच्या स्वभावाविषयी बोलत राहिली, तोपर्यंत तिच्यातून भांडणापलीकडे फारसे निघाले नाही. ती कृतीकडे वळली तेव्हा तिचे नियमात रूपांतर झाले. दुसरी अशी की, प्रत्येक मोजमापाने जुना वाद मिटविताना नवा वाद निर्माण केला, आणि मोजमाप करणाराच नव्या संतापाचा विषय झाला. तिसरी आणि अधिक महत्त्वाची अशी की, सर्व मोजमाप करून झाल्यावरही काही शिल्लक उरते. वाट देणे, थांबणे, पायी जाणाऱ्यास आधी जाऊ देणे यांतील बराच भाग कोणत्याही अंकात बसत नाही. १९३० च्या ब्रिटिश कायद्याने त्यास ‘वाजवी कदर’ म्हटले, २०१९ च्या भारतीय दुरुस्तीने ‘कुशल व सावध चालका’ची प्रतिमा पुढे ठेवली, दोन्ही ठिकाणी कायदा मोजता येणाऱ्या गोष्टी संपल्यावर माणसाकडेच परत आला.

१९३१ ते १९३५ या काळाचा अनुभव असे सांगतो की, केवळ या शिलकेवर विसंबून रस्ता सुरक्षित होत नाही. तशीच उलट बाजू सापळे आणि सलाम यांच्या इतिहासात दिसते : तिच्यावाचून केवळ अंकावर विसंबले तर नियम चुकविणे ही एक कला बनते. रहदारीच्या सुधारणेचा विचार करताना या दोहोंपैकी एकाचीच कास धरणारे धोरण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.